मिशनरी न होता ‘मिशन’ चालवणारा माणूस : महर्षी विठ्ठल रामजी शिंदे

पन्हाळा : २ जानेवारी ही महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांची पुण्यतिथी. शाळेत असताना इतिहासाच्या पेपरला ‘टीपा लिहा’मध्ये दोन मार्कांसाठी त्यांचं नाव यायचं. तेवढीच आपली त्यांची ओळख. पेपर झाला, विषय संपला. मी पण त्यातलाच. पण २०१९ च्या महापुरानंतर हा माणूस मला पुन्हा आठवला, त्याचं कारण आधी सांगतो.

महापुरात आपल्या भागात मदतीच्या गाड्यांची रांग लागली होती. आम्ही पण मंडळाची पोरं घेऊन आठ दिवस पळालो. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, चादरी वाटल्या. जुन्या कपड्यांचे तर रस्त्याकडेला ढीग पडले. पाणी उतरलं आणि नवव्या दिवशी ज्याचा तो आपल्या शेतात गेला, मी सुद्धा. घराघरांत चिखल तसाच होता, म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या संपल्या होत्या, पोरांना ताप होता. तेव्हा दारोदार फिरत होत्या आशाताई, अंगणवाडी सेविका आणि आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर. त्यांना मिळणारं मानधन किती, ते आपल्याला ठाऊक आहे. तरी रोज येत होत्या, वहीत नोंद करून जात होत्या.

मनापासून फुकट राबणारा माणूस आणि त्या कामाचं शिक्षण घेऊन, पोटापुरतं घेऊन रोज राबणारा माणूस, यात गावाला खरा आधार कुणाचा? हा प्रश्न शिंद्यांपुढे सव्वाशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता. आणि त्याचं उत्तर शोधायला ते गेले कुठे, तर चर्चमध्ये.

आधी आपल्या भागाचं थोडं. कोल्हापुरात अमेरिकन मिशनचे रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये आले. शाळा काढल्या, धर्मप्रचार केला. पुढे या मिशनचं एक ठाणं आपल्या पन्हाळगडावर पण झालं. वाइल्डरसाहेबांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. त्यानं पुढे अमेरिकेत कॉलेजच्या पोरांची स्वयंसेवकांची मोठी चळवळ उभी केली. १८८६ च्या एका उन्हाळी शिबिरात शंभर पोरांनी परदेशात जाऊन मिशनचं काम करायची शपथ घेतली. ‘व्हॉलंटियर’ हा शब्द आज आपण गणपतीच्या मिरवणुकीत छातीवर बिल्ला लावून मिरवतो, त्या शब्दाची एक जगभरची लाट कोल्हापुरात जन्मलेल्या माणसानं उठवली होती.

त्याच काळात डॉ. विल्यम वानलेस सांगलीला आले आणि पुढे मिरजेत १८९४ मध्ये मिशनचा दवाखाना उभा राहिला. आपल्याकडं कुणाचं दुखणं हाताबाहेर गेलं की ‘मिरजेला न्या’ म्हणायची जुनी पद्धत आहे, ती तिथून आली. वानलेससाहेबांनी एक गोष्ट लवकर ओळखली. साता समुद्रापलीकडून डॉक्टर किती आणणार? म्हणून त्यांनी तिथंच इथल्या पोरांना वैद्यकी शिकवायला सुरुवात केली.

म्हणजे चर्चची माणसं आधी धर्मासाठी आली, मग सेवा करू लागली आणि सेवा करता करता त्यांना कळलं की नुसत्या दयेवर दवाखाना चालत नाही, शिकलेली माणसं लागतात. पण आपल्या लोकांच्या मनात एक शंका कायम राहिली, की ही सेवा म्हणजे धर्म बदलायला लावायचं आमिष तर नाही? शंका अगदीच बिनबुडाची नव्हती, कारण मिशनरी लोक आपला हेतू लपवत नव्हते. पण दुसरी बाजूही खरी होती. ज्यांच्या सावलीचा विटाळ गाव मानत होतं त्यांच्या वस्तीत जाऊन औषध द्यायला मिशनरी सोडून दुसरं फारसं कोण येत होतं? महात्मा फुल्यांसारखी मोजकी नावं सोडली तर आपली माणसं घरात बसून होती.

शिंदे यांची गोष्ट इथं सुरू होते.

विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ चा, जमखंडी संस्थानातला. जमखंडी आज कर्नाटकात आहे. घर मराठ्याचं, परिस्थिती बेताची. वडील रामजीबाबा संस्थानात कारकुनी करायचे, पण मूळचे पक्के वारकरी. घरात अभंग, भजन, येणाऱ्या जाणाऱ्याला जेवण. जातीचा कडकपणा त्या घरात कमी होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे विठ्ठलाचं लग्न लहानपणीच रुक्मिणीशी झालं. मोठी झाल्यावर ही रुक्मिणीबाई नवऱ्याच्या सगळ्या कामात बरोबरीनं राबली, तिचं नाव पुस्तकात कमी येतं.

एक बहीण होती, जनाक्का. सासरचा जाच सोसून माहेरी परत आली. त्या काळात अशा मुलीचं आयुष्य चुलीपाशीच संपायचं. शिंद्यांनी तिला पुण्यात नेऊन शिकवलं. स्वतःच्या शिक्षणाला पैसे नव्हते, शिष्यवृत्तीवर आणि सयाजीराव महाराज गायकवाडांच्या मदतीवर फर्ग्युसन कॉलेजात दिवस काढत होते, तरी बहिणीला शिकवलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जनाक्काच त्यांच्या मिशनचा एक खांब झाली.

१८९८ साली शिंदे बी. ए. झाले. वकिलीचा अभ्यास सुरू केला. वकील झाले असते तर संस्थानी भागात मोठं नाव, मोठं घर झालं असतं. पण मन प्रार्थना समाजाकडं ओढलं. प्रार्थना समाज म्हणजे न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांची मंडळी. एक देव मानायचा, मूर्तिपूजा नाही, जातिभेद नाही, तुकोबांचे अभंग मात्र आहेत. वारकऱ्याच्या पोराला ते जवळचं वाटलं असणार.

इंग्लंडमध्ये ख्रिस्ती लोकांचा युनिटेरियन नावाचा एक पंथ आहे. हे लोक येशूला देव मानत नाहीत, थोर गुरू मानतात. सगळ्या धर्मांत सत्य आहे म्हणतात. प्रार्थना समाजाशी त्यांचं जमायचं. ऑक्सफर्डला त्यांचं मँचेस्टर कॉलेज होतं आणि तिथं शिकायला हिंदुस्थानातल्या एका तरुणाला ते शिष्यवृत्ती देत. १९०१ मध्ये शिंदे तिथं गेले. वयाची अठ्ठावीस वर्षं झालेली, मागं बायको, पोर, म्हातारे आईबाप.

दोन वर्षं त्यांनी धर्मांचा तुलनेनं अभ्यास केला, पाली शिकले, बौद्ध धर्म वाचला. पण माझ्या मते खरं शिक्षण कॉलेजच्या बाहेर झालं. सुट्टीत ते लंडन आणि दुसऱ्या मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांत फिरले. साहेबाच्या देशात पण एका खोलीत दहा माणसं, दारू, रोगराई, अनाथ पोरं आहेत, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं. आणि त्या वस्त्यांत चर्चची माणसं काय करतात ते पण बघितलं.

ती पद्धत जरा सविस्तर सांगतो, कारण मुद्दा तिथंच आहे. युनिटेरियन चर्चनं अशा वस्त्यांत ‘डोमेस्टिक मिशन’ काढली होती. म्हणजे परदेशात धर्म सांगायला न जाता आपल्याच शहरातल्या गरिबांची सेवा. तिथं एक पूर्णवेळ माणूस नेमलेला असे. त्याला पगार असे. तो घरोघर जाई, कुणाला काम नाही, कोण आजारी, कुणाचं पोर शाळेत जात नाही, याची नोंद ठेवी. त्याच्या मदतीला चर्चचे सभासद फुकट येत. कुणी रविवारी पोरांना शिकवी, कुणी बायकांचा शिवणवर्ग घेई, कुणी बचतीचे पैसे गोळा करी. पगारी माणूस काम तुटू देत नसे आणि फुकट राबणारी माणसं त्या कामात जीव ओतत. एकाशिवाय दुसऱ्याचं भागत नव्हतं. आज ज्याला आपण सोशल वर्क म्हणतो, ज्याची पदवी मिळते, त्यातलं घरभेट देऊन कुटुंबाची नोंद ठेवण्याचं तंत्र अशाच कामांतून वाढलं.

१९०३ मध्ये शिंदे परत आले आणि मुंबईला प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. पण समाजाची मंडळी शिकली-सवरलेली, गिरगावातली. प्रार्थना चांगली व्हायची, भाषण चांगलं व्हायचं. गिरणीतल्या मजुराच्या चाळीशी त्यांचा संबंध कमी. शिंद्यांना ते टोचत होतं. १९०५ च्या सुमारास अहमदनगरजवळ भिंगारला महार बांधवांची सभा रात्री भरली होती, तिथं ते गेले. अंधारात कंदिलाच्या उजेडात बसलेली ती माणसं बघून आयुष्य कशात घालवायचं ते त्यांनी ठरवून टाकलं.

ठरवल्यावर लगेच शाळा उघडली असं नाही. आधी त्यांनी माहिती गोळा केली. देशात अस्पृश्य म्हटले जाणारे लोक किती, कुठल्या प्रांतात किती, शिक्षण किती, हे शिरगणतीतून काढून मांडलं. आजच्या भाषेत सर्व्हे. आपल्याकडं आधी उद्घाटन, मग फोटो आणि माहिती शेवटी. म्हणून हे मला विशेष वाटतं.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळला ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ स्थापन झालं. मराठीत नाव होतं निराश्रित साह्यकारी मंडळी. अध्यक्ष न्यायमूर्ती चंदावरकर, चिटणीस शिंदे. पहिलं काम शाळेचं. मग दवाखाना, शिवणकाम, पुस्तकबांधणी, वसतिगृह, रविवारची प्रार्थना.

नावात ‘मिशन’ शब्द मुद्दाम ठेवला. पद्धत चर्चची घेतली, शाखा, हिशेब, वार्षिक अहवाल, पूर्णवेळ कार्यकर्ते, सगळं. एक गोष्ट मात्र घेतली नाही. कुणाला धर्म बदलायला सांगितलं नाही. जो ज्या धर्माचा, त्याच धर्मात राहून माणूस म्हणून उभा राहिला पाहिजे, हा बेत.

आणि पूर्णवेळ माणसं आणली कुठून? पहिली आणली स्वतःच्या घरातून. म्हातारे वडील, बायको, बहिणी, सगळं कुटुंब मिशनच्या जागेत अस्पृश्यांच्या मुलांबरोबर राहायला गेलं. १९०६ साली मराठ्याच्या घरानं हे करणं म्हणजे काय, ते गावात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. भावकीत लग्नकार्याला बोलावणं बंद होतं. जनाक्का आणि तिच्या बरोबरच्या बायका चाळींतून घरोघर जायच्या, आजाऱ्याची शुश्रूषा करायच्या, पोरींना शाळेत आणायच्या. वामनराव सोहोनी, सय्यद अब्दुल कादर यांच्यासारखी माणसं आयुष्य देऊन कामाला लागली. पोटापुरतं घ्यायचं आणि दुसरं काही करायचं नाही, असा हा सौदा.

थोड्या वर्षांत पुणे, हुबळी, मंगळूर, अकोला, अमरावती, मद्रास इकडं शाखा निघाल्या. आपल्या कोल्हापुरात १९०८ मध्ये शाहू महाराजांच्या आश्रयानं अस्पृश्य विद्यार्थ्यांचं मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं, ते याच काळातलं. पुण्यात इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी वीस हजार रुपये दिले, त्यातून पुढे अहिल्याश्रम उभा राहिला. राजेरजवाड्यांचे पैसे आले तशी चार-आठ आण्यांची वर्गणी पण आली.

१९१० मध्ये शिंद्यांनी प्रार्थना समाजाचं प्रचारकपद सोडलं. १९१२ मध्ये पुण्यात अस्पृश्यता निवारणाची परिषद घेतली, तिथं सगळ्या जातींचं सहभोजन झालं. १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्ध ठराव झाला, त्यासाठी शिंद्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. १९१८ च्या मुंबईच्या परिषदेला लोकमान्य टिळक आले, जोरदार बोलले, पण अस्पृश्यता स्वतः पाळणार नाही या प्रतिज्ञापत्रावर त्यांनी सही केली नाही. भाषण सोपं असतं, सही अवघड असते. ग्रामसभेत बसणाऱ्याला हे कळेल.

आता जे अवघड आहे ते पण लिहिलं पाहिजे. पुण्यतिथीला नुसती आरती करून उपयोग नाही.

मिशन मोठं झालं तशी शिकलेली अस्पृश्य पिढी तयार झाली. त्यातली काही पोरं मिशनच्याच शाळेतली. ती विचारू लागली, आमच्या नावानं संस्था, मग चालवणारे तुम्ही का? मार्च १९२० मध्ये आपल्याच जिल्ह्यात कागलजवळ माणगावला परिषद झाली, शाहू महाराजांनी डॉ. आंबेडकरांना तिथं पुढारी म्हणून लोकांसमोर उभं केलं. दोन महिन्यांनी नागपूरच्या परिषदेत शिंद्यांच्या मिशनवर उघड टीका झाली. कायदे कौन्सिलात अस्पृश्यांचे प्रतिनिधी कौन्सिलच्या सभासदांनी निवडावेत अशी सूचना मिशनकडून गेली होती, ती आंबेडकरांना मान्य नव्हती. आमचा माणूस आम्ही निवडू, हा त्यांचा मुद्दा.

मला वाटतं त्या मुद्द्यात आंबेडकर बरोबर होते. शिंद्यांचा हेतू वाईट नव्हता, पण सेवा करणाऱ्याला हळूहळू वाटायला लागतं की ज्यांची सेवा करतो त्यांच्या वतीनं बोलायचा पण हक्क आपल्याला मिळाला. चर्चच्या मिशनांत हेच झालं, आजच्या संस्थांत पण होतं. आमच्या मंडळानं पूरग्रस्तांना काय हवं ते कधी विचारलं होतं? आम्हीच ठरवून चादरी आणल्या.

शिंद्यांवर टीका दोन्हीकडून होत होती. सवर्ण म्हणायचे, यानं धर्म बुडवला. मराठा पुढाऱ्यांना वाटायचं, हा आपल्या पक्षात येत नाही. ज्यांच्यासाठी घर सोडलं ते पण आता संशयानं बघू लागले. दुसरा असता तर संस्थेला चिकटून बसला असता. जमीन, इमारती, नाव, सगळं हातात होतं. १९२३ मध्ये त्यांनी मिशनचा कारभार अस्पृश्य समाजातल्या कार्यकर्त्यांच्या हाती दिला आणि बाजूला झाले. वयाच्या पन्नाशीत, सतरा वर्षं घालवलेल्या संस्थेतून, खिशात फारसं काही नसताना. एवढी मोठी गोष्ट, पण मिशन काढलं ते शाळेत शिकवतात, सोडलं ते शिकवत नाहीत.

नंतर मंगळूरला ब्राह्मसमाजाचं काम केलं, केरळात वायकोमचा सत्याग्रह चालू होता तिथं जाऊन आले. मग मात्र ते शेतकऱ्यांकडं वळले, आणि शेतकरी म्हणून मला हा भाग जास्त जवळचा. १९२७-२८ मध्ये सरकारनं जमिनीचे लहान तुकडे बंद करायचं बिल आणलं. लहान शेतकऱ्याच्या हातून जमीन जाईल अशी भीती होती. १९२८ मध्ये पुण्यात मोठी शेतकरी परिषद झाली, शिंदे तिथं पुढं होते. ते बिल सरकारला गुंडाळावं लागलं. तुकडेबंदीचा कायदा नंतर १९४७ मध्ये आलाच, आणि गुंठ्यासाठी आपण आजही हेलपाटे घालतो, तो विषय पुन्हा कधी. चांदवड, वाळव्यातलं बोरगाव अशा ठिकाणच्या शेतकरी परिषदांतूनही शिंदे बोलले.

१९३० च्या कायदेभंगात त्यांना सहा महिने येरवड्याला जावं लागलं. वय सत्तावन्न. १९३३ मध्ये अस्पृश्यतेच्या प्रश्नावर त्यांचं मोठं पुस्तक आलं. वाई भागात खेड्यातल्या घरांतून ते उपासना घेत राहिले.

ते थकत चालले तेव्हा मुंबईत एक घटना घडली. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे पाद्री नागपाड्याच्या गरीब वस्तीत एक सेवाकेंद्र चालवत होते. स्वयंसेवक येतात आणि जातात, शिकलेला कार्यकर्ता पाहिजे, हे त्यांना पण पटलं होतं. टाटा ट्रस्टच्या पैशावर १९३६ मध्ये त्यांनी तिथं समाजकार्य शिकवणारं देशातलं पहिलं कॉलेज काढलं. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. मॅनशार्ट स्वतः पाद्री, पण कॉलेजात सगळ्या धर्मांची मुलं आणि धर्मप्रचार नाही. शिंद्यांनी तीस वर्षं आधी परळला जी वाट धरली होती, तिच्यावर आता चर्चचाच माणूस आला होता. आज आपल्या तालुक्यातली पोरं कोल्हापूरला सायबरमध्ये एम. एस. डब्ल्यू. करतात, नोकरी मिळते का म्हणून घरचे विचारतात. त्या पदवीची मुळं अशी लांबवर गेलेली आहेत.

२ जानेवारी १९४४ ला पुण्यात शिंदे गेले. जिवंतपणी लोक त्यांना कर्मवीर म्हणायचे, महर्षी हे नाव पुढे रुळलं. पुण्यात कामाला गेलात आणि नाना पेठेत जाणं झालं, तर तिथला अहिल्याश्रम बघून या.